लुगड्याखालचे बूट

भाकरी थापताना अक्का एका पायावर उभ्या राहायच्या. सगळा भार उजव्या पायावर, डावा मागे उचललेला. त्यांच्या खानावळीत जेवायला नवा मुलगा आला की हसायचाच. अक्का वळूनही न बघता म्हणायच्या, "बठ्ठा जन जेवा आधी, मंग हासा. पाय मना शे." म्हणजे, पाय माझा आहे.

असं कुणी तुम्हीही पाहिलं असेल, म्हणून लिहायचं धाडस करतोय. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. जळगावात आलो तेव्हा दुसरी भाकरी मागायलाही लाजायचो. अक्का न विचारता वाढायच्या.

त्यांचा उजवा घोटा पहिल्यांदा मुरगळला तो धरणगावकडे कापूस वेचताना, काळ्या जमिनीच्या भेगेत. गावातल्या एकाने ओढून, चोळून दिला. हळद-तुरटीचा लेप लावून दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा कापसात. मग तोच घोटा दगा देत राहिला; पायरीवर, नळापाशी, एकदा तर सपाट फरशीवर. दर वेळी तोच लेप, लगेच तेच काम. चप्पल एका कडेने पार झिजलेली, तीही तीच.

एकदा जिन्यात डाळीच्या पातेल्यासकट पडल्या. नरडाण्याला कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा बायकोला घेऊन धावत आला. "माय, आते पुन्हा पडनी ते खानावळ बंद. मनाकडे राहाले चाल!"

अक्का माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "रिक्षा बलाव."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, की दुखणं पूर्ण बरं होण्याआधीच दर वेळी काम केल्यामुळे सांधा सैल राहिलाय. पाऊल वाकडं पडतंय हे घोट्याला वेळेवर कळत नाही. आधी आराम, मग एका पायावर तोल सांभाळायचा सराव. आणि ही चप्पल फेका.

अक्कांनी खरंच आराम केला. भाकऱ्या आम्ही पोरांनी थापल्या, त्यांचे नकाशे झाले. अक्का खुर्चीवरून शिव्या द्यायच्या. सूज उतरल्यावर ओट्याला धरून एका पायावर उभ्या राहू लागल्या, पुढे हात सोडून. आणि चपलेच्या जागी पांढरे बूट आले.

अक्कांच्या पुतणीच्या लग्नात मीही होतो. मांडव नांगरलेल्या शेताच्या कडेला, सगळीकडे ढेकळं. नव्या लुगड्याखाली अक्कांचे बूट चमकत होते. बायका पदराआड हसत होत्या. सून कानाशी लागली, "अक्का, चप्पल घाला ना. लोके काय म्हनतीन?"

"लोके हासतीन. पन चप्पल घालीसन पडसू मी. पाय मना शे!" अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि वरातीच्या पुढे चालू लागल्या. ढेकळांतून, ताठ. मुलगा पूर्ण वाट त्यांच्या पायांकडेच बघत होता. खानावळ बंद करण्याचा विषय त्याने नंतर काढला नाही.

आता मी धुळ्याला शिकतो. परवा मुद्दाम जळगावला उतरलो, तर खानावळीला कुलूप. घाबरतच फोन लावला.

"कुलूप देखीसन घाबरना का रे भाऊ? नरडाण्याले शे मी. सून गाडीवरून पडनी, तिना पाय मुरगयना. दुसऱ्याच दिवशी कामले लागनी व्हती, बसाडी दिधी तिले. सूज उतरनी, आते एक पायवर उभी करेल शे."

मागून सुनेचं कण्हणं ऐकू आलं. "अक्का, पुरे ना आते!"

मी भीत भीत म्हणालो, "अक्का, पाय तिचा आहे ना?"

"पाय तिना शे," अक्का म्हणाल्या, "पन सासू मी शे. तू सोमवारले ये, भाकर भेटी."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, कुलपासमोर मीही एका पायावर उभा होतो.