अर्ध्यानं घेतलेल्या कोंबड्या

मासोळ्या विकणारी मावशी नसती तर मी त्या गावात टिकलोच नसतो, हे आधी सांगून ठेवतो. झालेलं नंतर सांगतो. कारण झालेलं सांगायला बसलो की माझी चूक पुढं येते आणि मावशीचं सांगायचं राहून जातं. ती माझ्या नात्याची नाही. समोरच्या घरात एकटी राहायची, मुलगा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. सकाळी नवेगाव बांधच्या तळ्यावरून घमेलंभर मासोळ्या घेऊन यायची, गावभर विकायची आणि दहाच्या आत दारात पाय पसरून बसायची. गावात तिच्या तोंडाला सगळे घाबरत. मीही घाबरत होतो.

मी मूळचा सोलापूरकडचा, माळरानातला. शाळा आठवीत सुटली. नापास झालो नव्हतो. मास्तर फळ्यापुढं उभं करायचे आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. पोरं हसायची. एक दिवस दप्तर घेऊन निघालो तो शाळेऐवजी भलत्याच वाटेला लागलो, मग रोजच. पुढं मशिनी बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. राइस मिलच्या कामाला तो मला गोंदियाकडं घेऊन आला. काम संपलं, मिस्त्री गेला आणि मालकानं मला ड्रायरवर ठेवून घेतलं. ओलं धान वाळवायचं, उष्णता बघत बसायचं. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

पण न बोलण्याचीही एक हद्द असते. मिलमध्ये हिंदी, गल्लीत झाडीबोली, म्हणजे तिकडची मराठी. मला कळायचं सगळं, पण तोंड उघडलं की लोक विचारायचे, कुठले हो तुम्ही? एकानं ‘सोलापूरवाला’ म्हटलं आणि तेच चिकटलं. तळ्यावर गेलो तर इतकं पाणी बघून अजून एकटं वाटायचं. आमच्याकडं एवढं पाणी कुणी स्वप्नातही बघत नाही. कुणाला सांगावं असं वाटायचं आणि सांगायला कुणी नसायचं.

मावशीनं एकदा दारातूनच विचारलं, "काऊन बाबू, खोलीमागची वाडी मोकळीच पडली आहे. कोंबड्या का नाही ठेवत?" मी म्हटलं, कोंबडी आणायची कुठून. त्यावर तिनं आपली एक तांबडी कोंबडी काखेत धरून आणली आणि अर्ध्यानं दिली. अर्ध्यानं म्हणजे कोंबडी तिची, राखण माझी आणि वाढलेली पिल्लं निम्मी निम्मी. वाटणी होईपर्यंत सगळ्यांत दोघांचा हिस्सा. अशा कोंबड्यांवर घराची खूण करतात. मावशीची खूण डाव्या पायाच्या मागच्या नखाची. ब्लेडनं टोक उडवलं की झालं, कोंबडी ओरडतसुद्धा नाही.

त्या तांबडीची चार पिल्लं जगली, मोठी झाली. तांबडी पुन्हा अंड्यांवर बसली. आणि मला बोलायला कुणीतरी मिळालं. ड्यूटीवरून आलो की मी त्यांच्याशी आमच्याकडचं बोलायचो, "कुटं गेलतीस गं? ये की हिकडं." ती बोली त्या गावात फक्त त्या पाच कोंबड्यांनी ऐकली असेल. रविवारी आईला फोन लावायचो तर तीही आधी कोंबड्यांचं विचारायची, मग माझं.

त्या दिवशी रात्रपाळी करून उजाडता उजाडता आलो तर वाडीचं कुंपण एका बाजूनं वाकलेलं. पाचही कोंबड्या मरून पडलेल्या. खाल्लेलं काही नव्हतं, नुसत्या मारलेल्या. तांबडी टोपलीतच होती, अंड्यांवर मान टाकून. अंडी गार झाली होती. ओल्या मातीत कुत्र्याचे पाय उमटले होते आणि ते शेजाऱ्याच्या खळ्याकडं गेले होते. शेजारी म्हणजे गावातले बऱ्यापैकी मोठे धानाचे शेतकरी, मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांचा पिवळा कुत्रा खळ्यातल्या धानाची आणि तनसीची, म्हणजे पेंढ्याची, राखण करायचा. त्यांचं धान आमच्याच मिलमध्ये यायचं.

मी काय करावं? आई करायची ते केलं. आमच्याकडं कोंबडी मेली की आई दिवस वर यायच्या आत पुरून टाकायची, वर मीठ टाकायची. रोगाची भीती आणि त्याहून लोकांच्या तोंडाची. मी पपईच्या झाडाखाली खड्डा केला, पाचही पुरल्या, माती दाबली. पिसं झाडली. पायांचे ठसेसुद्धा झाडले गेले. अंगण इतकं स्वच्छ केलं की जणू काही झालंच नाही. मग खोलीत येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. रडतानाच डोक्यात आलं, अर्ध्या कोंबड्या तर मावशीच्या होत्या.

मावशी मासोळ्या विकून आली ती सरळ माझ्या दारात. "कोंबड्या सोडल्या नाही आज?"

मी सगळं सांगितलं. ती कुत्र्याचं ऐकून चिडली नाही. पुरल्याचं ऐकून मात्र तिनं घमेलं खाली आपटलं.

"कोनी पुराले सांगतलं तुले?"

कुणीच नव्हतं सांगितलं. तिनं मला समजावलं ते असं. त्या गावात कुणाच्या कुत्र्यानं कोंबडी मारली तर ती पडली तिथंच ठेवतात, कुत्रेवाल्याला बोलावून दाखवतात. तो बदली कोंबडी देतो आणि मेलेली आपल्या घरी नेऊन शिजवतो. भरपाई दिली म्हणजे मेलेली त्याची झाली. ज्यानं न दाखवता पुरली, त्यानं सोडून दिलं. "पुरलं म्हणजे माफ केलं, बाबू," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

मला वाटलं, संपलं. कोंबड्या गेल्या, मावशीचा विश्वासही गेला. तरी दुपारी काकाजींच्या दारी गेलो. जाताना वाक्य पाठ करत होतो, शाळेतल्यासारखं. काकाजींनी खुर्ची दिली, काकींनी चहा दिला. चहा इतका गोड होता की पाठ केलेलं सगळं विसरलो. कसंबसं सांगितलं.

काकाजी रागावले नाहीत. म्हणाले, मुंगूस असन. आपला कुत्रा खळं सोडत नाही. तरी कोंबड्या दाखव, मी पाहतो. मी म्हटलं, पुरल्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. "मंग झालं ना गा," ते म्हणाले, "तूच संपवलं." वर शेजारी म्हणून बाजाराच्या दिवशी एक बॉयलर कोंबडी घेऊन देतो म्हणाले. छोड दे, कायले मनाले लावून घेतोस.

मी म्हटलं, "चालतंय."

चालत नव्हतं. पण धान, मिल, मालक असं सगळं डोळ्यापुढून गेलं आणि माझ्या तोंडून तेच निघालं. काकी आत उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी बघितलं की नजर खाली करत होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

परतलो तर मावशी माझ्या वाडीत पपईखाली उभी. हातात कुदळ. मी काय झालं ते सांगितलं. चालतंय म्हटल्याचंही सांगितलं.

"चालते कायले?" ती म्हणाली. "तुझं चालत असन. माझं नाही चालत. खोद."

मी खोदलं. वर्णन करत नाही. पाचही गोणपाटावर ठेवल्या, मावशीनं चार कोपरे धरायला लावले आणि आमची वरात काकाजींच्या खळ्यावर गेली. वाटेत चार-सहा माणसं मागं लागली. गावात दुपारी तेवढंच काम असतं.

काकाजी म्हणाले, आता कायले आणल्या, यानं तर माफ केलं. मावशीनं पदर खोचला.

"त्यानं माफ केलं असन, तर त्याच्या अर्ध्या माफ झाल्या. माझ्या अर्ध्या मी कोनाले माफ केल्या? मी तर माती टाकली नाही." आणि तिनं एकेका कोंबडीचा डावा पाय उचलून कापलेलं नख दाखवलं.

मागून एक जण म्हणाला, "पाचाच्या अर्ध्या अडीच होतात, मावशी. ते अर्धं कोनतं घेतेस, मुंडक्याकडचं का शेपटाकडचं?"

"तुझ्या मुंडक्याकडचं," मावशी मागं न बघता म्हणाली. सगळे हसले. काकाजीही हसले. हसता हसता पुन्हा मुंगसावर आले. मुंगूस असन, कुत्र्याले कोनी पाहलं? कुणीच पाहिलं नव्हतं. ठसे मी माझ्या हातानं झाडले होते. मावशीनं हातातला कोंबडीचा पाय खाली ठेवला. मी गोणपाटाकडं बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, इथून जावं. खोली सोडावी, मिल सोडावी, रात्रीची गाडी धरावी.

तेव्हा काकी दारातून म्हणाल्या, "पिसं आपल्या खळ्यात होती. तनसीच्या ढिगाजवर. सकाळी मीच झाडली."

काकाजींनी वळून बघितलं. "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं का?"

पिवळा कुत्रा बैलगाडीखाली झोपला होता. मला त्याचा रागही येईना. सकाळी मी इकडं झाडत होतो आणि त्याच वेळी काकी पलीकडं झाडत होत्या, एवढंच डोक्यात फिरत होतं. दोघांनीही भीतीनंच झाडलं असणार.

काकाजी शेवटी म्हणाले, ठीक आहे, बाजारातून पाच आणून देतो. बॉयलर. मावशी काही बोलायच्या आत मी बोललो. अजून मला कळत नाही कसा बोललो.

"बॉयलर नको, काकाजी. बॉयलर अंड्यावर बसत नाही. माझी तांबडी बसलेली होती."

एवढंच. पण इतक्या लोकांपुढं इतकं लांब मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो. कुणी हसलं नाही. काकाजींनी मान खाजवली, म्हणाले, हे तर खरं आहे. मग ठरलं ते असं: चार कोंबड्या त्यांच्या घरच्या, वाडीत वाढलेल्या. आणि तांबडीच्या बदली काकींची काळी, अंड्यांवर बसलेली, अंड्यांसकट. बसलेली कोंबडी उजेडात हलवली तर अंडी टाकून देते, म्हणून काकी दिवेलागणीला टोपली पदराखाली झाकून स्वतः घेऊन आल्या. टोपली ठेवली आणि गेल्या. मेलेल्या आता काकाजींच्या झाल्या होत्या. शिजवायच्या लायकीच्या नव्हत्या, तरी रीत म्हणून त्यांनी गोणपाट नेलं आणि त्या आपल्या जागेत पुरल्या.

दुसऱ्या दिवशी मी नव्या कोंबड्या धरून बसलो आणि मावशीला म्हटलं, ब्लेड आणा, खूण करू. ती दारातून उठली नाही.

"अर्ध्यानं दिलेल्या मेल्या. ह्या पूर्ण तुझ्या. तुझी खूण तू कर."

तिनं भांडण केलं ते आपल्या अर्ध्यासाठी, असं मला आदल्या दिवसापर्यंत वाटत होतं. पण तिनं आपला अर्धा वाटा पुढं केला नसता तर माझा अर्धाही कुणी मानला नसता, हे तिला माहीत होतं. खोलीत आलो. खूण कसली करावी हेही सुचेना. खूण घराची असते आणि माझं घर तिथं नव्हतं. त्या पाच कोंबड्या मी तशाच सोडल्या. गावात बिनखुणेच्या कोंबड्या दिसल्या की लोक समजतात, सोलापूरवाल्याच्या.

रविवारी आईनं विचारलं, कोंबड्या बऱ्या हायत का? मी म्हटलं, हायत. तिला अजून सांगितलेलं नाही.

काकाजींचं धान मिलमध्ये येतच राहिलं. मालकाकडं ते कधी काही बोलले नाहीत. मला मात्र ते ‘का गा, बॉयलरवाल्या’ म्हणून हाक मारतात. कुत्रा दिवसा बांधलेला असतो.

काळीची पिल्लं झाली तेव्हा त्यातली निम्मी मी मावशीकडं घेऊन गेलो. तिनं टोपली माझ्या हातात परत दिली. आता तिचे गुडघे गेलेत, तळ्यावर जाणं बंद आहे. दारात बसून मला आमच्याकडचं विचारत असते. एकदा म्हणाली, "तुमच्याकडे तरा नाही, तर लोकं सकारी काय पाहतात?" तरा म्हणजे तळं. खरंच, काय बघतो आम्ही सकाळी? नुसता माळ आणि लांबवर एखादं लिंबाचं झाड.

मावशी, तुमचं देणं कोंबड्यांनी फिटणार नाही, हे मला कळलंय. पण एक ना एक दिवस मी तुम्हाला गाडीत बसवून आमच्या गावी नेणार आहे. आईच्या ओट्यावर बसवीन. सकाळी काय दिसतं ते तुम्हीच बघा. आणि तिथं कुणी तुम्हाला विचारलं, कुठल्या हो तुम्ही, तर तुमच्या बाजूनं मी बोलेन. उभा राहून बोलेन.