फळ्यावर नसलेली ओळ

तिसरीला सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा ‘अक्षरबाई’ म्हणायची. आपल्या हाताखालून गेलेलं पोर डॉक्टर झालं तरी त्याची चिठ्ठी औषधवाल्याला वाचता येते, हे त्या स्वतःच चारचौघांत सांगत. नियम एकच, फळ्यावर जसं तसंच वहीत. काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

यंदा शेजारच्या तुकडीवर नव्या बाई आल्या. वयाने पोरगेल्या, केस कायम विस्कटलेले, अक्षर तर कोंबडीचे पाय! नव्याचे नऊ दिवस, म्हणून अक्षरबाईंनी नाक मुरडलं. नऊ गेले, नव्वद गेले, भिंतीपलीकडचं हसणं काही थांबेना.

एकदा त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. बुटाची नाडी कशी बांधावी हे मुलांनी लिहिलं होतं आणि नव्या बाई अगदी लिहिल्याबरहुकूम करत होत्या. एकाने नुसतं ‘नाडी बांधा’ लिहिलं, तर त्यांनी ती स्वतःच्या मनगटाला बांधली. मुलं हसून लोळली आणि मग राहिलेली पायरी घालायला आपणहून वहीकडे धावली.

“हे काय शिकवणं म्हणायचं? सर्कस नुसती!” अक्षरबाई शिपाईमामांना म्हणाल्या.

“पण बाई, घंटा झाली तरी पोरं उठत नाहीत हो तिथून,” मामा म्हणाले.

ते वाक्य त्यांना झोंबलं. आपल्या वर्गात घंटेनंतर कधी एक पोर मागे रेंगाळलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्या जळत होत्या, आणि जळताना चहासुद्धा गोड लागत नव्हता.

त्यात मोठ्या सरांनी फर्मान काढलं. पुढच्या सत्रापासून दोन्ही तुकड्यांचा लेखनाचा तास एकीनेच घ्यायचा. विषय दिला, वहीला कव्हर कसं घालावं. शुक्रवारी प्रत्येक वर्गातली एक वही ते उचलणार आणि मामा तिच्यात लिहिलंय तेवढंच करणार. ज्या वहीवरून कव्हर चढेल, तास त्या बाईंचा.

लेखनाचा तास म्हणजे अक्षरबाईंचा जीव. त्यांनी मोत्यासारख्या पाच ओळी फळ्यावर लिहिल्या. छत्तीस माना खाली गेल्या. पहिल्या बाकावरच्या चिमणीने मध्येच एक ओळ जास्त घातलेली त्यांना दिसली.

“हे फळ्यावर आहे का?”

“नाही बाई.”

“मग खोड.”

चिमणीने खोडलं. काय लिहिलं होतं ते बाईंनी वाचलंही नाही.

शुक्रवारी सरांच्या टेबलापाशी मामा उभे राहिले तसे दोघी बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आधी अक्षरबाईंच्या वर्गातली वही. सर मोठ्याने वाचू लागले. कागद पसरा. मामांनी पसरला. दोन बोटं जास्त ठेवून बाकीचा कापा. कापला. कडा आत दुमडा. दुमडल्या. चिकटपट्टी लावा, वर नाव लिहा. मामांनी सगळं इमानेइतबारे केलं आणि एक सुबक, चपटं पाकीट वर धरलं. वही बाजूला तशीच उघडी पडली होती.

“कव्हर झालं, सर. वहीचं काय करायचं ते लिहिलेलं नाही.”

सर हसू दाबत खोकले. सव्वीस वर्षं कव्हर घालताना हात आपोआप चालत होते, त्यामुळे ही पायरी बाईंना कधी सुचलीच नव्हती. नव्या बाईंच्या वर्गातली वही म्हणजे चुकांचा बाजार, पण अकरा पायऱ्यांनंतर कव्हर चढलं. तास गेला.

वर्गात येऊन अक्षरबाईंनी चिमणीची वही मागितली आणि खिडकीशी उजेडात तिरपी धरली. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा दाब उमटला होता. ‘आता वही कागदावर मधोमध ठेवा.’

पलीकडून पुन्हा हसू आलं आणि पोटात पुन्हा दुखलंच, ते काही थांबलं नव्हतं.

“चिमणे, ही ओळ परत लिही बरं.”

चिमणीने पेन्सिल उचलली. फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पेन्सिल खाली ठेवली.

“पण बाई, फळ्यावर नाहीये ते.”