डोंगरावरचा कौल

हे लिहायचं मी आजवर टाळलं. बायको होती तेव्हा तिला सांगू म्हटलं, मग तिच्या आजारपणात नको म्हटलं. ती गेल्यावर, सांगावं असं कोणी उरलंच नाही, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. आता भ्यायचं काही कारण उरलं नाही, कारण जे बुडायचं होतं ते बुडालं आहे.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, धरणाच्या काठावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं ते वडिलांच्या वेळेला. गावामागचा डोंगर मात्र पाणी चढूनही वर राहिला, चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये त्याचं डोकं. बाहेरचे लोक त्याला बेट म्हणतात. आम्ही अजूनही डोंगरच म्हणतो. गुरं होडीच्या मागे पोहत जायची, मोहाची फुलं वेचायला बाया जायच्या. आणि वर करवंदीच्या जाळीत आमचा वाघोबा होता. शेंदूर लावलेला एक दगड. गाव उठलं तेव्हा देवाला बरोबर चल म्हणून विचारलं होतं, त्यानं नकार दिला. म्हणून तो तिथेच राहिला, आणि तो तिथे आहे म्हणून डोंगर आमचा, एवढा साधा हिशेब होता.

पुढे लष्कराच्या सरावासाठी डोंगर घ्यायचं ठरलं. मी तेव्हा गावचा पोलीस पाटील. होड्यांतून उतरून डोंगर चढायचा, वर गोळीबार करायचा, असा तो सराव. तालुक्याहून एक साहेब जीप घेऊन आले. गावाची हरकत नाही ना, एवढं त्यांना हवं होतं. हरकत असेल तर कळवा, असंही ते म्हणाले. त्यांनी कुणावर जबरदस्ती केली नाही. मीच म्हणालो, "साहेब, ते माझ्यावर सोडा."

का म्हणालो? गोळीबार सुरू झाल्यावर बाया मोहाला गेल्या तर कोणीतरी मरेल, अशी धास्ती मला होती, हे खोटं नाही. पण जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गावातून जायला मला आवडायचं, हेही खोटं नाही.

लोक म्हणाले, देव आहे तिथं डोंगर कसा सोडायचा? मग देवालाच विचारा, मी म्हणालो.

विचारणार कोण? आमचा भगत. तो माझा आतेभाऊ, माझ्याहून थोरला. मला पोहायला त्यानंच शिकवलं. कौल लावायची आमची रीत अशी की, देवाला पाणी घालून ओल्या दगडाच्या दोन्ही अंगांना तांदळाचे दाणे चिकटवायचे. मग प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. आणि ज्या हातानं कौल लावला त्याच हातानं तो परत विचारता येतो. दुसऱ्यानं विचारलं तर देव बोलत नाही.

त्या सकाळी दगड धुवायचं काम मी मागून घेतलं. लहानपणी आम्ही पाखरं धरायला उंबराचा चीक काठीला लावायचो. तोच चीक मी दगडाच्या डाव्या अंगाला बोटानं लावला. शेंदरात तो दिसला नाही.

भगतानं दाणे लावले आणि हात जोडून मोठ्यानं विचारलं, "देवा, पोरं तिकडं, तू हिकडं. आता हितं बंदुका येतील. येतोस का आमच्यासंगं?"

उजवा दाणा पडला. डावा तसाच राहिला, ऊन चढून सुकला तरी राहिला. भगत त्याच्याकडे बघत बसला.

"परत लावतोस का?" कोणीतरी विचारलं.

"एकदा बोलला तो बोलला," तो म्हणाला.

देव आम्ही होडीतून आणला, शाळेजवळ चौथरा बांधून बसवला. पुढे त्याला फरशी लागली, पत्रा लागला. डोंगरावर लाल बावटे फडकू लागले. बायांची मोहाची वाट बंद झाली, गुरं विकावी लागली. याचा राग काढायचा कुणावर? देवावर काढता येत नाही. लोक भगताला टाकून बोलू लागले. "इचारलंस कशाला? इचारलं नसतंस तर देव गप ऱ्हायला असता." त्यानं कौल लावणं सोडलं, आणि एक दिवस मुरबाडला लेकीकडे राहायला गेला. त्याला एस.टी.त बसवून द्यायला मीच गेलो होतो. खिडकीतून तो म्हणाला, "माज्या हातानं डोंगर गेला, पाटला." मी गाडी सुटेपर्यंत ड्रायव्हरशी बोलत राहिलो.

अलीकडे कळलं की सराव दुसरीकडे नेला आहे, डोंगर मोकळा होणार. त्याचं पुढं काय करायचं, यावर ग्रामसभा बसली. पर्यटनवाल्यांना तिथं तंबू ठोकायचे होते, मोटारबोटी फिरवायच्या होत्या. गावानं आपला हक्क सांगितला तर विचार होईल, असं तालुक्याचे साहेब म्हणाले. आमची सरपंच तरुण मुलगी, ती तळमळून बोलली. पण म्हाताऱ्या बाया ऐकेनात.

"देवानंच सोडला तो डोंगर. आता आमी कोन मागनार?"

"अगो काकी, तंबूवाले आले तर तुज्या सुनेला भाकऱ्या थापायला ठेवतील."

"थापील की. हितं बी थापतेच."

लोक हसले. मी हसलो नाही. माझ्या एका बोटानं लावलेला चीक अजून सुटला नव्हता. माणसं पुरेशी नव्हती म्हणून सभा तहकूब झाली. मी ठरवलं, आधी भगताला सांगायचं, मग गावाला.

मुरबाडच्या गाडीत किन्हवलीपासून सरळगावपर्यंत मी शब्द जुळवत होतो. तो पडवीत खाटेवर होता. डोळे जवळपास गेले होते. माझ्या खोकल्यावरून त्यानं ओळखलं.

"पाटील का? अजून जिता हायेस?"

"तू हायेस तवर मला कोन नेतो, दादा."

तो हसला. लेकीला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाला, "डोंगर सोडला म्हने बंदूकवाल्यांनी?"

"सोडला."

तो खाटेवर उठून बसला. "त्या दिवशीचा डावा दाना माज्या डोळ्यांपुढनं जात नाय. सुकला तरी पडला नाय रे. सुकलेला दाना पडतोच. असं कदी होतं का?"

खरं सांगायला त्यानं दार सताड उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं.

"होत असंल," मी म्हणालो. "तंबाखू हाय का तुज्याकडं?"

त्यानं चंची पुढे केली. चहा झाला. मी उठताना त्यानं माझं मनगट धरलं. "मला एकदा डोंगरावर ने. मी परत इचारीन. लावनाराच इचारू शकतो."

"पोराला सुट्टी मिळाली की गाडी घेऊन येतो."

पोरगा वाशिंदच्या कारखान्यात आहे. त्याला सुट्टी मिळाली होती, मीच त्याला विचारलं नाही. डोंगरावर भगतासमोर उभं राहून काय बोलणार, याचीच भीती. तेवढ्यात मुरबाडहून निरोप आला, भगत गेला.

तहकूब सभा बसली तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. उंबर, चीक, बोट, सगळं. मला वाटलं लोक मारतील. कोणी मारलं नाही. कोणाला खरंच वाटलं नाही.

"पाटील, जमिनीपायी देवाला खोटं पाडू नका."

"इतकी वर्सं गप, आन तो मेल्यावर बोलताय व्हय?"

सरपंच पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला असावा. ती म्हणाली, "मग कौल परत लावू." मागून म्हातारी म्हणाली, "लावनारा हात कुठं हाय, गो?"

हक्काचा ठराव झाला नाही. आता डोंगराच्या कडेला तंबूवाल्यांनी रंगीत खुंट्या ठोकल्या आहेत. दुपारी मी शाळेजवळच्या चौथऱ्यावर बसतो, तिथून पाण्यापलीकडे त्या दिसतात. मागे फरशीवर देव आहे. तो माझ्याशी बोलत नाही, आणि बोलावं असं माझ्यात काही नाही.

मुरबाडच्या गाडीत जुळवलेले शब्द मला अजून पाठ आहेत. ते एवढेच होते: दादा, डाव्या अंगाला चीक मी लावला होता. देव आपणहून आला नव्हता. डोंगर तुझ्या हातानं गेला नाही, माझ्या हातानं गेला. मला माफ कर.