भिगवणचा बर्फ

ती घोडी माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, पुण्यातल्या एका शर्यतीच्या तबेल्यातून आणली होती. मागं पडायला लागल्यावर तिथल्या मालकाला तिचं खाणं जड झालं, आणि जिच्यावर लोक पैसे लावायचे ती घोडी टेंपोत उसाच्या वाढ्यावर उभी राहून आमच्या पिंपळीला आली. आम्हाला लॉटरीच लागली. बारामती-इंदापूरकडच्या जत्रांत टांग्यांच्या शर्यती जोरात, आणि हिच्यापुढं गावठी घोडी टिकेनात. टांगा मी हाकायचो. चाबूक तिला मी कधी लावला नाही, आणि त्याचा मला भारी माज होता.

तिसऱ्या वर्षी आमच्याच गावच्या जत्रेआधी आठ दिवस तिच्या पुढच्या पायाची नस सुजली. हात लावला तर कढत. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तीन महिने जुंपायची नाही, नाहीतर पाय जाईल. तात्यांनी विचारलं, तीन महिने नुसतं बसवून खायला घालायचं का? मला तात्यांचा राग आला, पण खरं सांगू, डॉक्टरांचा जास्त आला. घरची जत्रा होती हो.

तिचं लंगडणं मात्र बघवेना. भिगवणच्या मासळीबाजारात बर्फ मिळतो एवढं ठाऊक होतं. रोज सकाळी मोटारसायकलवर जायचं, भुशातली लादी आणायची, फोडून पोत्यात भरायची आणि तिच्या पायाला बांधायची. सगळ्या गोठ्याला मासळीचा वास. बायको म्हणाली, आता घोडीला फोडणी तेवढी द्यायची राहिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरटी एक माणूस माळावर जमून शर्यतीच्या धावेवरचे दगड वेचतो, अशी आमची पद्धत. मीही गेलो. परत येऊन बघतो तर सूज उतरलेली, घोडीनं पाय नीट टेकलेला. मी हरखून तात्यांना बोलावलं. त्यांनी तिला चार पावलं चालवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"पळंल का रं?"

नाही म्हणायला तोंड होतं की मला. मी म्हणालो, "पळंल की."

शर्यतीच्या तोंडावर तासभर बर्फ बांधून ठेवला आणि जुंपताना सोडला. अशी सुटली, की बाकीचे टांगे धुळीतच राहिले. निशाणाच्या थोडं अलीकडं काडकन आवाज आला. तरी ती तीन पायांवर निशाण ओलांडून गेली. पहिला नंबर. हलगी कडाडली, लोक धावत आले, तिच्या अंगावर गुलाल पडायला लागला, आणि ती लोंबणारा पाय उचलून थरथरत उभी. थांबा, थांबा म्हणून मी ओरडत होतो. हलगीत कुणाला ऐकू जाईना.

एसटीडी बूथवरून फोन करून डॉक्टरांना बोलावलं. तोवर ती आडवी झाली होती. पायाला काय लावलं होतं, त्यांनी विचारलं. मी बर्फाचं सांगितलं.

"दुखू द्यायचं होतं तिला," ते म्हणाले. "दुखलं असतं तर ती अशी पळाली नसती."

मग त्यांनी इंजेक्शन भरलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

पुढच्या वर्षी टांगे पळालेच. घोडीचं काय झालं, असं परगावचे लोक विचारायचे. दगडात पाय अडकला, मी सांगायचो. ते हळहळायचे, चहा पाजायचे. माळावर दगड नव्हता. आदल्या दिवशी दगडांची शेवटची पाटी मीच उचलून टाकली होती.