एजंटानं मलाच माझं माहेर दाखवलं

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं ठणकायलंय. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला?

आज कामासाठी पूर्णेहून परभणीला आले होते. काम लवकर उरकलं, म्हणून माहेरच्या घरावरून चक्कर मारली. आई-अण्णा गेल्यापासून घर बंदच असतं. भाऊ पुण्यात राहतो.

फाटकावर पाटी, 'घर विकणे आहे'. दार सताड उघडं. आतून एजंट आला आणि मला गिऱ्हाईकच समजला.

"या ताई, बघून घ्या. एवढी झाडी अख्ख्या कॉलनीत नाही. हा कडुनिंब जुन्या मालकानं स्वतः लावलेला."

खड्डा अण्णांनी खणला होता, रोप मी धरलं होतं. गिऱ्हाईकासारखीच त्याच्या मागं आत गेले. त्यानं मला माझ्याच आईचं स्वयंपाकघर दाखवलं आणि वर म्हणाला, "वारसांची काही भानगड नाही बघा. आताच्या मालकाला भाऊ-बहीण कुणीच नाही."

आताचा मालक म्हणजे माझा भाऊच.

गेल्या भाऊबीजेला ह्याच भावानं ओवाळणीत लय भारी साडी टाकली होती. मग म्हणाला, "ताई, हक्क सोडल्याची सही देऊन टाक. घर माझ्या नावावर असलं की तुझं माहेर कुठं जात नाही." मी हसत सही केली. भावापुढं वाटा कोण मागतं?

तिथूनच त्याला फोन लावला. "अगं, सांगणारच होतो," म्हणे. "पण आता तुझा काय संबंध?"

घर विक बाबा, तुझी अडचण असेल. पण मला जिवंतपणी पुसून टाकलंस?

बायांनो, ज्याला बहीणच नाही, त्याला येत्या भाऊबीजेला ओवाळायचं का नाही, तेवढं सांगा.