माधवने न उठवलेली शिक्षा

माधवच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. तो मीटिंगमध्ये कोसळलाय, लवकर या, एवढंच ती बाई सावकाश जर्मनमध्ये दोनदा म्हणाली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले.

माधव, माझा नवरा, जर्मनीत रेगेन्सबर्गमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचा, आणि घरीही त्याला सगळं नियमात लागायचं. आमची इरा पंधराची झाली आणि रोजची वादावादी सुरू झाली. त्याने शिक्षा केली की तासाभरात मी विरघळायचे, आणि पोरगी आम्हा दोघांना छान खेळवायची. शेवटी माधवने ठरवलं, ज्याने शिक्षा दिली त्यानेच ती उठवायची. मीही मान डोलावली.

तो जायच्या दहा दिवस आधी शाळेतून कळलं, की इरा तीन दिवस तिकडे फिरकलीच नव्हती. आजारपणाच्या चिठ्ठीवर बापाची सही तिनेच ठोकली होती. "सही झकास जमलीय," माधव म्हणाला, आणि मग शांतपणे, "हँडबॉल बंद. मी सांगेपर्यंत." हँडबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने दार आपटलं आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं... ते शेवटपर्यंत.

परवा मी म्हटलं, "इरा, संपली शिक्षा. जा खेळायला."

"नाइन, आई, नाही. बाबाने दिलीय. तू नाही उठवू शकत."

सरावाच्या वेळी ती सोफ्यावर नुसती बसून राहते. मला तिच्यासमोर बसवत नाही.

कारण तो कोसळला त्या सकाळी बूट घालताना माधव म्हणाला होता, "बास झालं. ती शाळेला निघायच्या आत सांगून टाकतो." आणि मी, नेहमी विरघळणारी मी, म्हणाले, "अजिबात नाही. दर वेळी मलाच बोल लावतोस ना? राहू दे अजून आठवडाभर." तो हसला. "बरं बाई," म्हणाला आणि गेला. हे सांगितलं तर पोर सुटेल. पण बाप-लेकीचं शेवटचं बोलणं मी अडवलं, हेही तिला कळेल.

इराला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणून तर एवढं लिहायचं धाडस झालं. आज सरावाचा दिवस. ती सोफ्यावरून विचारतेय, "काय लिहितेस?"

"बाबाबद्दल."

"मग वाचून दाखव ना."