काकांच्या फ्रीजमधलं इंटरफेरॉन

काकांचं नाव निघालं की अजून माझं डोकं फिरतं. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत पीएच.डी. करत होते. विषाणू शिरला की आपल्या पेशी एक प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, ते इंटरफेरॉन. माणसाचं जनुक जंतूंमध्ये घालून परदेशात ते नुकतंच बनायला लागलं होतं. माझ्या सरांनी ओळखीपाळखी काढून संशोधनापुरती एक बाटली मिळवली, करंगळीएवढी. एका परदेशी पाहुण्याने ती गोव्यापर्यंत आणली. पुढे मुंबईला न्यायचं काम माझं. माझा सगळा प्रबंध त्या बाटलीत होता.

चतुर्थीचे दिवस होते. मालवण वाटेवर असताना घरच्या गणपतीच्या पाया न पडता पुढे जायचं, हे आमच्याकडे कुणी खपवून घेत नाही. रात्रीपुरती थांबले. थर्मासमधला बर्फ वितळत आला होता आणि अख्ख्या वाडीत फ्रीज एकच, काकांचा. बाटली त्याच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. नारळ खवता खवता काकूने विचारलं, तर मी हौसेने तिला सगळं समजावून सांगितलं. काका पलीकडे बसून ऐकत होते.

सकाळी आंघोळ करून, आरती उरकून पाहते तर बाटली अंगणाच्या दगडी गडग्यावर, रणरणत्या उन्हात. वर गोमूत्र शिंपडलेलं.

"माणसाच्या अंगातला कायतरी हाडलंस, आणि ठेवलंस खंय, तर नैवेद्याच्या दुधाकडे?" काका सोवळ्यातच ओरडले. "गणपती आसा गो घरात!"

एरवी त्याच कप्प्यात सुरमई आणि बांगडे कोंबलेले असायचे. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही.

बाटलीतलं पाणी तसंच स्वच्छ दिसत होतं. मुंबईत प्रयोग लावला, तर उन्हाने इंटरफेरॉन निकामी झालेलं; विषाणूने माझ्या बशीतल्या सगळ्या पेशी फस्त केल्या. पुढची बाटली आली ती सरांनी दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. पदवी त्याला मिळाली. मी एका कॉलेजात मुलांना बेडूक कापायला शिकवू लागले, आणि रोज मनातल्या मनात काकांना शिव्या घालू लागले.

दोनेक वर्षांनी मे महिन्यात घरी गेले, तर काका पडवीत आरामखुर्चीत. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. यकृतात कॅन्सरची गाठ होती. मांडीवर वर्तमानपत्राचं कात्रण: कॅन्सरवर नवी आशा, इंटरफेरॉन.

"बाये, तुजा ता औषध छापून इलाहा. माका एक बाटली हाड."

मी त्यांच्याशी मालवणीत बोलले नाही. ऑफिसात बोलतात तसं बोलले. "काका, त्या बाटलीवर छापलेलंच असतं. फक्त प्रयोगशाळेसाठी. माणसांना देऊ नये."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं बोलण्यात इतकं सुख मला आयुष्यात पुन्हा कधी मिळालं नाही.

"मगे ता देतत कोणाक?"

"बशीतल्या पेशींना."

काकांनी कात्रणाची घडी घातली. काकूने आतून कोकम सरबत आणलं. फ्रीज अजून तोच होता, सरबत थंडगार होतं. मी काकांसमोर बसून पेला रिकामा केला आणि आणखी मागितलं.